रकाना : इतर

काराजारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती.
जीपच्या टपावर केबलचं रीळ,
मांडीवर शंभर कोरे फॉर्म.
बिश्केकहून निघताना साहेब म्हणाले होते,
योजना चोख आहे,
दोन हिवाळ्यांत देशातलं शेवटचं गाव जोडायचं,
दर असा, की मेंढपाळालाही डोईजड होऊ नये.
तू फक्त रकाने भर.

गावात आजवर नेट नव्हतं असं नाही.
ते डोंगरावर राहायचं.
मिर्लान नावाच्या पोराने नेऊन दाखवलं :
पांढऱ्या दगडापासून तीन पावलं डावीकडे,
तोंड खिंडीकडे, हात उंच,
आणि नशीब असेल तर दोन रेघा.
तिथली माती टापांनी भुसभुशीत झालेली.
कुणाची घोडी गाभण, कुणाचा काडीमोड,
कुणाच्या रक्तातली साखर,
सगळं सगळ्यांदेखत ओरडून बोललेलं.
"डोंगराला आमची सगळी बिंगं ठाऊक आहेत,"
मिर्लान म्हणाला, आणि स्वतःच लाजला.
त्याचंही एखादं असणार.

घर क्रमांक सतरा.
बुरुलकान, वय एकाहत्तर, घरात एकटी.
तिने चहा दिला, अर्धाच पेला.
काठोकाठ भरला, तर पाहुण्याला
ऊठ म्हटल्यासारखं होतं.
मी पाच अर्धे पेले प्यायलो
आणि मग विचारलं :
इंटरनेट कशासाठी हवं?
शिक्षण, आरोग्य, व्यापार, इतर.

"माझ्या मुलाचं नाव तोक्तोसुन," ती म्हणाली.
अर्थ मलाही ठाऊक होता, तरी तिने सांगितला :
थांबो.
आधीची दोन पाळण्यातच गेली,
म्हणून तिसऱ्याला नावानेच बांधून ठेवलं.
लागू पडलं. मरण त्याला न्यायला आलंच नाही.
याकुत्स्कची बस आली.
तिथे तो गोठलेल्या जमिनीवर
दुसऱ्यांची घरं बांधतो.

मी 'इतर'वर खूण केली.

"हे तुमचं नेट थेट घरात येणार?"
हो, आजी.
"वाऱ्यात, बर्फात तुटायचं नाही?"
नाही. काचेची तार असते. जमिनीखालून येते.
आतून प्रकाश धावतो.
(हे वाक्य आम्हाला शिकवून पाठवलं होतं.)
ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली.

"मग मी काय सांगू?"
कुणाला?
"शेजारणीला. घोड्याला. मला.
सात वर्षं सांगत आलेय, रेंज नव्हती.
खिंडीत ढग अडकले होते.
त्याने केला असेल,
डोंगरानेच घेतला नसेल.
तो डोंगर बिचारा सगळं अंगावर घेतो.
आता तार चांगली,
दिवे हिरवे,
आणि तरी वाजला नाही तर?"

फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती,
पण तिथे लिहायची परवानगी नव्हती.

"महिन्याला किती?"
कोंबडीपेक्षा कमी.
"कोंबडी निदान अंडं देते," ती म्हणाली,
आणि पेन मागून
सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात,
सही केली.
मग माझा पेला काठोकाठ भरला.

पुढच्या वर्षी नकाशा हिरवा झाला.
साहेबांनी केक कापला.
मी कामाच्या नावाखाली सतरा नंबर उघडला :
जोडणी चालू, दिवसरात्र.
ऑक्टोबर शून्य. नोव्हेंबर शून्य.
डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.
मार्चमधल्या एका पहाटे
नऊ सेकंद.
कुणी कुणाला, ते यंत्र सांगत नाही.
नियमाप्रमाणे मात्र तेवढ्याने
ग्राहक सक्रिय धरतात.

मिर्लान आता घरात बसून मेसेज पाठवतो.
परवा लिहिलं होतं :
वर कुणी जात नाही, गुडघाभर गवत झालंय,
पांढरा दगडही दिसेना.
फक्त एका घोड्याची वाट
अजून उघडी आहे.