कंटिन्युइटी

दिवाळे गावाच्या जेट्टीपलीकडे, तिवरांच्या कडेला,
आज सरहद्द आहे.
दोन बांबू, काटेरी तारेचं एक भेंडोळं
आणि आर्टवाल्या पोराने पहाटे रंगवलेला फलक, अजून ओला.
कॅमेरा डावीकडे न्यायचा नाही, टॉवर दिसतात.
उजवीकडे फ्लेमिंगो.
आपल्या नदीत फ्लेमिंगो नसतात, म्हणाला दिग्दर्शक.
नदीचं नाव पटकथेत नाही.

माझं काम वहीत लिहिण्याचं :
कोणाच्या कुठल्या हातात काय होतं,
पदर कुठवर भिजला होता.
मागचं पुढच्याशी जुळलं पाहिजे, एवढंच.

तुर्भ्याच्या नाक्यावरून अकरा माणसं आणली.
सातशे रुपये, वडापाव, कपडे आमचे.
एकीने व्हाउचरवर मालती लिहिलं.
बाकीच्या बायका तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत होत्या.
ते माझ्या वहीत येत नाही.

टेक एक. बोचकं डाव्या काखेत, पाणी घोट्याला.
टेक दोन. तसंच.
टेक तीन. एक पोरगा हसला.
टेक चार.
पाणी अजून गुडघ्याखालीच,
आणि तिने बोचकं डोक्यावर घेतलं,
हनुवटी वर केली, जशी नाकाशी पाणी आल्यावर करतात,
आणि उजवा हात मागे नेऊन
कोणाचं तरी मनगट धरलं.

मागे कोणी नव्हतं.

मी ओरडले, काखेत होतं, काखेत!
ती थांबली. हिंदीत म्हणाली,
"आगे पानी गहरी होता है, दीदी."
म्हटलं, इथे पुढे काहीच खोल नाही.
तिने तिवरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हां," म्हणाली,
आणि बोचकं काखेत घेतलं.

होडीतून हसुरामकाकांची हाळी आली,
आटपा रं, भरती लागली.
पाच, सहा. सगळं जुळलं.
सहावा ठेवला.

निघताना तिने ओल्या साडीचीसुद्धा घडी घालून दिली.
विचारलं, पिक्चरमध्ये त्या बाजूला काय आहे?
त्या बाजूचं शूटिंग व्हायचंय अजून, मी सांगितलं.
पैसे जमले की.
ते खरं होतं. जमले नाहीत.

परवा कपाट आवरताना वही सापडली.
पानं खाडीच्या पाण्याने फुगलेली,
काही ओळी पार विरघळलेल्या.
चौथ्या टेकची मात्र शाबूत, माझ्याच अक्षरात :
उजवा हात मागे. रिकामा.
चालणार नाही.