पासंग

योएन्सूच्या शाळेत मी गणित शिकवते.
तीन वाजले की बाहेर अंधार,
मुलं टोप्या विसरून घरी पळतात
आणि मी लॅपटॉप उघडून बसते
रीगामधल्या एका जुन्या संध्याकाळीपाशी.

नऊ परीक्षक, बारा करामती,
एकशेआठ चौकोन.
उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत
कुणाला काय वाटलं त्याची नोंद.
मी चौथी आले होते,
तिसरीच्या एकतीस शतांश मागे.

एकतीस शतांश म्हणजे किती?
बर्फावरून उतरून ब्लेड पुसलं
की फडक्यावर जेवढी ओल उरते, तेवढं.
सात हिवाळे मी ते फडकं पिळते आहे.

मला चोर हवा होता.
सहा मोसमांचे तक्ते उतरवले,
चार हजारांवर ओळी.
कोणता परीक्षक इतर आठांहून किती सैल, किती आवळ,
आणि स्वतःच्या देशाची पोर बर्फावर आली
की किती.

संशय पाचव्या खुर्चीवर.
करडा मफलर, दगडी चेहरा,
माझ्या फिरकीला त्याने शून्य दिलं होतं. शून्य!
त्याची रेघ काढली.
ओळंब्यासारखी सरळ.
घरच्यांना, दारच्यांना, सगळ्यांना सारखाच कंजूष.
मी चिडून सूत्र पुन्हा तपासलं.

बाकीच्यांच्या रेघा मात्र
घराकडे किंचित झुकलेल्या.
कुणाला रंगेहाथ धरावं इतक्या नव्हे.
एखादा दशांश, तोही
जिथे डोळ्यालाच खात्री नव्हती तिथे.
धडकन पडलेली पोर सगळ्यांनाच पडलेली दिसते.
झुकतं माप पडतं
ते पडता पडता सावरलेलीला.

आणि नववी खुर्ची. आमची.
गुन्वोर लिंडरूस.
आठ वर्षांची असताना माझ्या बुटांच्या गोठलेल्या गाठी
जिने तोंडाच्या वाफेने सोडवल्या होत्या.
माझी तिसरी उडी पाव फेरा कमी पडली.
आठ जणांचं उणे दोन, उणे तीन.
तिचं अधिक एक.

नियम असा की सर्वांत मोठा आकडा टाकायचा,
सर्वांत छोटाही टाकायचा,
उरलेल्या सातांची सरासरी घ्यायची.
म्हणजे तिची माया बहुतेक वेळा
सरळ टोपलीत गेली.
पण जिथे ती बेताची होती,
कुणाच्या तरी बरोबरीची,
तिथे आत राहिली, मोजली गेली.
मी तेवढी वजा करून बघितली
आणि सगळ्यांचीच वजा केली, न्यायाने.

सहावी.

दुकानदार तागडी उचलतो तेव्हा
गिऱ्हाईक आधी पासंग बघतं.
मी मात्र इतकी वर्षं
समोरच्या पारड्याकडेच बोट दाखवत होते.

गुन्वोरला फोन केला.
ऐकू कमी येतं तिला आता, दोनदा विचारावं लागलं.
“मला दिसलं तेच दिलं, इर्या,” ती म्हणाली.
खोटं बोलत नव्हती.
चार हजार ओळींमध्ये
एवढ्या एकाच गोष्टीसाठी रकाना नव्हता.

तिची ओळ पुसावी असं वाटलं.
एक ओळ गेली तर निष्कर्ष बदलत नाही,
हे मला कुणी सांगायला नको.
ठेवली.

शनिवारी क्लबची स्पर्धा. लहान गट.
दुसऱ्या खुर्चीवर मी, पहिल्यांदाच.
हिल्ला आली, सहावी-ब मधली,
उडाली, फिरली, उतरताना
मोकळा पाय बर्फाला टेकला की नाही टेकला
कळायच्या आत पुढे निघून गेली.

बोट शून्य आणि एकच्या मध्ये.
मी चेहरा दगडी ठेवायचा प्रयत्न करते.
तिची टोपी
बुधवारपासून माझ्या पिशवीत आहे.