ओळंबा

गच्चीवर खोली चढते आहे, दहा बाय चौदा,
माझ्या कामासाठी.
म्हणून काम बंद. म्हणजे बंद नाही, घरभर:
जिथे लाकूड तासायचे त्या पडवीत सिमेंटची पोती,
पटाशी तुरीच्या डाळीच्या डब्यात,
सरस दह्याच्या शेजारी,
आणि अवधूतने परवा चहात ढवळला तो चमचा
टर्पेंटाइनमधून निघालेला.
तो काही बोलला नाही. कप ठेवला,
वर जाऊन विटा मोजून आला.

मुरारच्या शाळेला अकरा बाहुल्या हव्यात, बावीस तारखेला.
जंगलातल्या कोर्टाचं नाटक:
कावळा कारकून, कोल्हा वकील,
साक्षीला दोन ससे,
न्यायाधीश गाढव.
एका सशात दोन पोती सिमेंट येतं.
कोल्ह्याच्या आगाऊ रकमेची खिडकी झाली.
रात्री डोळे मिटून मोजते
ते विटा की कान, कळत नाही.

सकाळी सहाला भिंतीला पाणी,
आठला लगद्याच्या डोक्यांना ऊन.
एकीला ओलं ठेवायचं, दुसऱ्यांना कोरडं,
आणि गच्ची एकच.
हरविलास मिस्त्रीने कोपऱ्यांत सळ्या सोडल्यात
‘अगली मंज़िल के लिए’.
कुठली मंझिल, भैया?
सध्या त्यांच्यावर मी डोकी वाळत घालते.
खालून जाणारे माना वर करतात.
समोरच्या किबेकाकू म्हणाल्या,
आमच्या खिडकीतून आधी किल्ला दिसायचा,
आता गाढव दिसतं.

सतरा तारखेला ओळंबा हरवला.
‘साहुल कहाँ गया?’ अर्धा दिवस एवढंच.
वाळू चाळली, तगारी उपड्या केल्या,
मग नजरा फिरत फिरत
रामकलीच्या पोरावर येऊन थांबल्या.
बिरजू, वय आठ.
खिसे उलटे केले त्याचे. निघालं काय,
माझ्याच रंगाची एक रिकामी ट्यूब
आणि अर्धी बोरं.
मी जिन्यात उभी होते, हातात सशाचा कान,
कान सुकायला लागला होता, घाई होती,
म्हणून काही बोलले नाही.

मिस्त्रीने सुतळीला मोठा नट बांधला
आणि पश्चिमेची भिंत उचलली.
वीस तारखेला दगडी पट्ट्या चढल्या,
सहा माणसं, दोरखंड, एकच हुंकार.
मीही धरला दोर. माझ्या बोटांचा सरस
त्याला लागला तो लागलाच,
आता कुणाच्या दुसऱ्याच छपरावर चढत असेल.

बावीसला, पडदा उघडायला तासभर असताना,
न्यायाधीश मान वर करीना.
झगा उसवला.
आत, माझ्याच हाताने, माझ्याच निरगाठीने बांधलेला,
पितळी, थंड, टोकदार.
रात्री दोनला वजन हवं होतं मला.
हाताला लागलं ते घेतलं.
कुणाचं, हे विचारायला
जागं कोण होतं?

गाढवाच्या पोटात मी खडीचा दगड शिवला.
नाटक बरं झालं. सशांना टाळ्या.

दुसऱ्या दिवशी रामकलीसमोर ओळंबा ठेवला
आणि सगळं सांगितलं, नीट, न अडखळता,
जसं पाठ करून गेलेलं सांगतात.
ती म्हणाली, ‘हो जाता है, दीदी.’
तगारी उचलली, गेली.

बिरजूने मात्र ओळंबा उचलला.
कुणी सांगितलं नव्हतं.
नव्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला
वरून सुतळी लावून
एक डोळा मिटून उभा राहिला, हरविलाससारखा,
पितळ डोलायचं थांबेपर्यंत.
‘कितना?’ मी विचारलं.
त्याने भिंत आणि सुतळीच्या मधे बोट घातलं.
आरामात गेलं.

आता माझं टेबल त्याच भिंतीला आहे.
पेन्सिल ठेवली की घरंगळते,
पण तो फरशीचा दोष असेल.