तेरीज

पावणेसातच्या तासाला पोचायचं
म्हणजे सहाची बस, नाशिकरोड ते शालिमार,
पुढे पायी.
पिशवीत खतावणीची वही, वाटेत घेतलेली मेथीची जुडी
आणि चष्मा, जो मी बाकावर बसेपर्यंत लावत नाही.
पहिल्या दिवशी रखवालदार म्हणाला,
पालकसभा उद्या आहे, ताई.

गायधनी सर फळ्यावर उभी रेघ ओढतात,
भांग पाडावा तशी, एका दमात.
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
येणारे नावे, जाणारे जमा.
पंधरा दिवस मला हे उलटंच वाटत राहिलं.
जे आलं ते जमा नको व्हायला?
शेजारी नसरीन बसते, द्वारकेला भावाच्या
टायरच्या दुकानात तीच गल्ला सांभाळते.
ती कानात म्हणाली,
टायर आत आला की टायरच म्हणतो,
माझ्या नावे लिहा. बस्स.
तेव्हा कुठे उजेड पडला.

तसा 'नावे' हा शब्द माझ्या ओळखीचा.
फ्लॅट ह्यांच्या नावे.
गॅस सासूबाईंच्या नावे,
त्या जाऊन सहा वर्षं झाली तरी.
स्कूटर दिराच्या नावे, हप्ते आम्ही भरले.
माझ्या नावे वाचनालयाचं कार्ड होतं एक,
दंडासकट.

अण्णा प्रेसमध्ये होते. नोटा मोजायचे.
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
खिसे उलटे करायचे, चपला झटकायच्या,
तेहेतीस वर्षं, सुट्ट्या वजा जाता रोज.
महिनाअखेरीला आई मला निमसेकाकूंकडे
पन्नास रुपयांसाठी धाडायची,
तेव्हा अण्णा ओट्यावर बसून
पेपरची पानं मोजत असायचे,
एकदा पुढून, एकदा मागून.
दोन्हीकडून सारखा आला
तरच तो आकडा, म्हणायचे.
नाहीतर ती नुसती समजूत.
शेवटी शेवटी गोळ्या मोजायचे,
आणि घेतल्या की नाही ते विसरायचे.

इतक्या नोटा हातून गेल्या त्यांच्या.
जाणारे जमा,
पण कुठल्या खात्यात?
सरांना विचारणार होते. घंटा झाली.

काल तेरीज जुळेना.
सत्तावीसशेचा फरक.
डेर्ले असता तर उचंत खात्यात टाकून
ढाराढूर झोपला असता.
सर सांगतात, फरकाला नवाने भाग गेला
तर बघा, दोन आकड्यांनी
जागा बदलल्या असतील.
नवाने भाग गेला. तीनशे वेळा.
साडेबारा वाजले.
आतून ह्यांनी विचारलं, अजून किती वेळ दिवा?
मी म्हटलं, दोन पानं.
चार होती.
मेथी निवडायची तशीच राहिली, पेपरात गुंडाळलेली.

खालून वर गेले, मग वरून खाली,
बोट ओलं करून, एकेक ओळ,
भाडे, टपाल, हमाली, किरकोळ,
आणि एक वाजता दिसलं.
मजुरी.
सहा हजार तीनशे होती,
मी मांडली होती तीन हजार सहाशे.
माझ्याच अक्षरात, नीट, स्वल्पविरामासकट.

हसू आलं. मग आलं नाही.

कीर्दीत खोडरबर चालत नाही.
चुकीवर आडवी रेघ मारायची,
अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
वर खरा आकडा, शेजारी सही.
मी रेघ मारली. आकडा लिहिला.
सही करताना झोपेत होते की काय कोण जाणे,
हात आपोआप वळला,
वैजयंती निवृत्ती दोंदे.
एकवीस वर्षांत कुठे केली नव्हती.

आता तीही खोडायची नाही.
रेघ मारायची की राहू द्यायची
ते उद्या बघू.
उद्या सर घसारा शिकवणार आहेत.