पान एकोणीस ते सव्वीस

जूनमध्ये दुधबळे बाईंनी कपाट उघडलं
तं किड्यांच्या पुस्तकात मातीची नळी.
पान एकोणीस ते सव्वीस
गायब.
नाकतोडा शाबूत, काजवा शाबूत,
अनुक्रमणिकेत मात्र होतं :
वाळवी, पान एकवीस.

"म्हंजे उधई," मागून कमलू वड्डे बोलला.
"थे सोताचंच पान खाऊन गेली, मॅडम."

बाई हसल्या, हसतच राहिल्या,
मग कोऱ्या वहीतून चार कागद फाडून
आम्हाला मोहाखाली घेऊन गेल्या.

वारूळ कमलूच्या छातीएवढं.
आम्ही कान लावला.
काडीनं कोपरा उकरला जरासा :
आत ओलसर, करडं, पोळ्यासारखं काही
आणि बिनडोळ्यांची धावपळ.
सकाळी गेलो तं भोक बुजलेलं,
माती अजून ओली.

वाद झाला : राणी आत असते का
की हे बाई उगाच सांगतात?
पान बावीसवर दोन्ही मतं आहेत.

एटापल्लीच्या बाजारातल्या सुतळीनं
पानं शिवायला घेतली.
बाईंनी खळीची वाटी पुढं ओढली,
कमलूनं ती मागं सारली.
"खळ नोका लावू, मॅडम,
तिले लय आवडते."

हे छापील पुस्तकात होतं की नाही
आता कसं कळणार!
आम्ही लिहिलं.
पान सव्वीस, अगदी खाली,
जागा उरली होती तेवढ्यात.