मिठाचं माप

रविवारी माझी सुटी.
बाकी सहा दिवस केरीच्या नाक्यावर
रजिस्टर भरतो : गाडी नंबर, माल, कुठून, कुठे.
बेळगावचा कोबी, बेळगावचं दूध, कोंबड्या, विटा.
झिलू गांवस म्हणाला, बाबू,
तुज्याच खात्याचें पोरनें हाफीस वयर आसा. येता?

दोन तास कारवीतून.
बैलवाट अजून कळते. दगड मधोमध झिजून
पन्हाळी झालीय खुरांची, तीत पाला कुजतो.
वर पोचल्यावर मी विचारलं, नाव काय ह्याचं?
नाव नाही. नुसता कोट.
कंबरभर जांभ्याची भिंत, आणि दारात
दारवान म्हणून उंबर :
अंग चोरल्याशिवाय आत सोडत नाही.

इथून दोन्हीकडचं दिसतं.
खाली नदी जिथवर होडी चढवते तिथवर
आगशीकडचं मीठ पाण्यानं यायचं,
पुढे बैलाच्या पाठीवर.
गोपकपट्टणाच्या धक्क्यावर उतरलेले अरबी घोडे,
अजून समुद्रानं डुलणारे,
ह्याच चढावर पहिल्यांदा घामेजायचे.
वरून यायचा तांदूळ, गूळ, कापूस,
आणि कोण राजा मेला त्याची बातमी,
साधारण महिनाभर शिळी.

टाक्याच्या काठाशी कातळात कोरलेली एक वाटी.
गोणीमागे एक वाटी मीठ, झिलू म्हणाला,
ती जकात.

इथं लढाई म्हणून झाली नाही.
नाक्यावर माइदेव नायक होता, त्याच्या भाल्यानं
जन्मात एक साळिंदर मारलं,
तेही फणस खायला आलेलं.
त्याचं खरं हत्यार ही वाटी.
आणि वाटी वाढत होती.
वर नवा धनी आला की पाथरवट यायचा,
बोटभर खोल करून जायचा.
शिलालेखात हे नसतं.
शिलालेखात दान असतं, चंद्रसूर्य असतात,
मोडेल त्याला गाढवाचा शाप असतो.

सोमली नावाची एक तांड्यातली बाई,
तिला आकडे येत नव्हते, मुठी येत होत्या.
आईच्या वेळी आठ मुठींत भरायची ही.
आता अकरा.
तांड्यानं टाक्याशी मुक्काम केला त्या रात्री
तिनं राळ वितळवली, चुन्यात कालवली,
वाटीच्या बुडाला थापली,
वरून कातळाची पूड, वरून थुंकी.

सकाळी माइदेवानं पहिली गोणी सोडली.
मीठ ओतलं. थांबला.
मीठ काढून बुडाशी बोट फिरवलं,
बोट हुंगलं.
मग म्हणाला, भरली. पुढची आण.

हे तुला कुणी सांगितलं? मी झिलूला विचारलं.
तो विडी पेटवत होता.
वाटीत पावसाचं पाणी होतं, काळं,
बुडाशी शेवाळ, आणि नखाएवढा एक बेडूक.
मी हात घातला नाही.

कोट कुणी घेतला नाही, कुणी पाडला नाही.
माल दुसऱ्या घाटानं उतरू लागला आणि
ही वाट मोडली.
शेवटचा शिपाई, म्हणे, दोन पावसाळे
मोडलेल्या वाटेवर वाट पाहत बसला.
मग तोही खाली उतरून नाचणी पेरू लागला.
झिलू सांगतो, आमचेच ते.

सोमवारी रात्रपाळी.
अडीच वाजता चोर्ल्याचा घाट उतरून एक ट्रक आला,
गोकाकचा पोरगा, डोळे लाल.
मीठ आता उलटं येतं, वरून खाली,
आगशीच्या दुकानांत विकायला,
किलोकिलोच्या पाकिटांत, वजन छापलेलं.
कागदावर सोळा टन.
टायर पाहिले तर सोळा वाटेनात.
पोरगा खिडकीशी उभा, बोलत काहीच नव्हता,
हातातली टोपी गोल फिरवत होता.
मागे कोंबड्यांची गाडी हॉर्न देऊ लागली.

सोळा, मी लिहिलं.
आणि बोट पुसलं उगाच,
शर्टाला.