भांड्यांवरची नावं

नाताळची उपासना सुटून घरी आलो
तर दारातल्या खुर्चीवर चार पिशव्या.
"काका, ठेवलंय ओ," असं जिन्यातूनच कुणीतरी ओरडलं
आणि चपला वाजवत उतरून गेलं.

एकीत लोखंडी तवा, तेल पाजून काळा केलेला.
एकीत चिमटा. नुसता चिमटा.
पाळकांच्या घरचा केक वर्तमानपत्रात,
तेलकट होऊन आरपार दिसणारे बाजारभाव.
आणि पुण्याहून अबीगैलनं पाठवलेलं यंत्र,
बिनतेलाचं तळतं म्हणे.
सोलापुरात! बिनतेलाचं!
डब्यातल्या शेंगाचटणीनं ऐकू नये
म्हणून मी खोका हळूच पलंगाखाली सारला.

अडुसष्टाव्या वर्षी
मला पहिल्यांदा स्वयंपाकघर भेट मिळालं.

आजवर देणारा मी.
दिवाळीच्या बोनसातले थोडे बाजूला ठेवायचो,
डिसेंबर लागला की सायकल काढून मधल्या मारुतीला.
भांडं पसंत करायचं, वजन करून घ्यायचं,
मग नावं घालणाऱ्यासमोर उकिडवं बसायचं.
"बोला, काय घालू?"
सौ. शलोमी हिस सप्रेम. नाताळ १९८४. दानीएल.
मशीन टरटरायचं, पितळ शहारायचं,
अक्षराला दहा पैसे.

ती बोटाच्या पेरानं भांडं वाजवून बघायची,
कान तिरका करून.
"जाड आहे," म्हणायची,
आणि संध्याकाळच्या आत त्यात काहीतरी शिजत असायचं.
एकदा म्हणाली, "देता मला, अन् जेवता तुम्ही."
मी हसलो.
तीही हसली होती, असं मला वाटतं.

आता फळीवर सगळी ओळीनं उभी आहेत.
डबा, कळशी, दोन पातेली, पोहे चाळायची चाळण,
हिस, हिस, हिस.
घासताना वाचतो.
चष्मा ओला होतो, ते पाण्यानं.

तवा तापत ठेवला.
ज्वारीचं पीठ परातीत, वरून उकळतं पाणी,
एवढं बघून बघून पाठ आहे.
पहिली भाकरी थापता थापताच फाटली.
दुसरी तव्यावर टाकली तर कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली,
उलटायला गेलो आणि
चिमटा सोडून हातच लावला तव्याला.

ओरडलो असणार.
कारण पलीकडच्या यन्नमबाई विडीचं सूप तसंच ठेवून
धावत आल्या, बोटांना तंबाखूचा वास,
आणि काखेत काहीतरी गुंडाळलेलं.
चादरीच्या काठांचे दोन जाड चौकोन,
लाल मोर अर्धे कापलेले,
कडेनं दुहेरी शिवण.
"गरम धराया, काका.
ताई दर नाताळला मागायच्या की ओ.
मी म्हणायची, देते, देते.
मागावर तुकडे तर ढीगभर पडायचे."

दर नाताळला.
मी आठवून पाहिलं,
ती भांडं उतरवायची कशानं.
पदरानं.
डाव्या मनगटावरचे ते तपकिरी डाग
मी इतकी वर्षं जन्मखुणा समजत होतो.

यन्नमबाई हाताला मध लावून गेल्या.
केकचा तुकडा घेतला नाही, सोमवार होता.

मी पुन्हा पीठ घेतलं, एका हातानं.
परातीच्या काठाला गोळा रगडला, घट्ट,
आणि उचलला तर त्यावर
उलटी, उठावदार अक्षरं आलेली.
ही पंच्याण्णवची परात.
गिरणी बंद पडली ते साल.
खिशात तेवढेच होते, म्हणून त्याला म्हटलं होतं,
थोडक्यात घाल बाबा.
शलोमी. ९५. दा.

सप्रेमचे पैसे वाचवले होते.

गोळा बराच वेळ हातात राहिला.
पीठ कडेनं वाळायला लागलं,
तवा धुरावर आला.
मग थापलं,
सावकाश, अक्षरं बोटाखालून पसरत गेली,
आणि ही मात्र एका बाजूनं
थोडीशी फुगली.